दुसरी बाजू नसलेली कॅसेट

वाशीम, २४ फेब्रुवारी २०२५

लिला,

वर ‘प्रिय’ लिहायचं राहिलं नाही, लिहिलं नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून पोस्टाने लिहिते आहे. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

मुद्द्याचं आधी. पूनमच्या साखरपुड्यात तुझ्या पोरीने स्वतःहून मला विचारलं, “मावशी, मले ढावलो शिकवशीन काय?” मी हो म्हणायला तोंड उघडलं, तोच तू हातातलं बुंदीचं पातेलं खाली न ठेवता म्हणालीस, “जिच्या दारातून वरात निंगाली नाई, ते काय ढावलो शिकवन? फोनवर हॅलो-हॅलो करनं अलग अन् ढावलो अलग.” बायका हसल्या. तुझे धनसिंगराव सुपारी चघळत हसले. नवऱ्या मुलाकडच्या एका बाईंनी हळूच मला विचारलं की ढावलो म्हणजे काय. मी सांगितलं, आमच्या बंजारा लोकांत सासरी निघालेली मुलगी एकेकाच्या गळ्यात पडून जे रडणं गाते, त्याला ढावलो म्हणतात. ते आधी याडीकडून, म्हणजे आईकडून, शिकावं लागतं. त्या म्हणाल्या, रडणं शिकावं लागतं? मी म्हटलं, बाई, नीट रडणं शिकावंच लागतं. मग मी चप्पल घातली आणि शेलूबाजारच्या फाट्यावर येऊन जीपमध्ये बसले. न जेवता निघाले, हे तुझ्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

आता ऐक. याडीची जेवढी गाणी मला येतात तेवढी मी घरी बसून रेकॉर्ड करते आहे. सगळ्यात शेवटी ढावलो. आखाजीला पूनमचं लग्न, त्याआधी तिच्या हातात कॅसेट जाईल. शिकवायचा हक्क मला नसेल, पण कॅसेटला कोणाच्या वरातीची चौकशी करता येणार नाही.

फोनवर रेकॉर्ड करणार नाही. तुझ्या दिराच्या मुलाने मागच्या होळीला मी गायलेली लेंगी फोनवर घेतली, तिच्याखाली धडाम-धडाम टाकलं आणि वाशीमपासून मंगरुळपीरपर्यंत प्रत्येक वरातीत माझा आवाज नाचवला. मला विचारलं नाही, त्याला लाज वाटली नाही. म्हणून ते जुनं चार ट्रॅकचं यंत्र माळ्यावरून काढलं आहे. माझ्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टांचं. तू ज्याला मॅडमची इस्त्री म्हणायचीस तेच. एक आवाज घ्यायचा, तो हेडफोनमध्ये ऐकत दुसरा घ्यायचा, मग तिसरा, मग चौथा, सगळे एकाच कॅसेटवर. सिस्टर एकट्या चार स्वरांत प्रार्थना म्हणायच्या त्यावर, आणि केरळला परत जाताना ते यंत्र मला देऊन गेल्या.

तुझी गरज नाही. चारही आवाज मी देऊ शकते. कळवलं, इतकंच.

संगीता


वाशीम, ८ मार्च २०२५

लिला,

तुझं एका ओळीचं कार्ड मिळालं. “गाणे म्हन न मंग, कोनं धरलं तुले.” कोणीही नाही. पट्ट्याने धरलं होतं.

यंत्राच्या आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत डांबरासारखा वितळला होता. पाटणी चौकातल्या मुनाफकडे नेलं. पूर्वी त्याचं रेडिओ-टेपचं दुकान होतं, आता मोबाइलची कव्हरं विकतो. यंत्र पाहून म्हणाला, “मॅडम, हे बीपी मोजाचं हाय काय?” मी म्हटलं, हो, तुझंच मोजायला आणलंय. दोन दिवसांनी पट्टा बसवून दिला. घरी आणून माझ्या गाण्याची एक जुनी कॅसेट लावली, तर आवाज चिमणीसारखा. परत गेले.

“मुनाफ, मी सदुसष्ट वर्षांची बाई आहे. यात मी सातवीतली वाटते.”

“मंग चांगलंच हाय न मॅडम. लोक यासाठी पैसे देतेत.”

पट्टा बदलायला लावला. आता यंत्र बरोबर चालतं. मीही.

तुझ्या कार्डात दुसरी ओळ असायला हवी होती. ती नाही, म्हणून मी पुन्हा सगळं लिहिते. दर वेळी हा विषय निघाला की तू चहा ठेवायला उठतेस. कागदासमोरून उठून दाखव.

शहाण्णव सालची दिवाळी. जऊळक्याचं रेल्वे क्वार्टर. तू माहेरी आलेली, माझी अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजला बदली झालेली, सामान बांधलेलं. मी म्हटलं, जायच्या आधी याडीचा आवाज घेऊ. खुर्चीवर ती बसेना. दाराजवळ भिंतीला टेकून बसली, म्हणून तिच्या माइकची वायर यंत्राच्या त्या बाजूच्या शेवटच्या भोकात, चौथ्यात, लावली. चौथ्या ट्रॅकवर ती एकटी आधी गायली. मग तिनेच वाजवलेली थाळी तिसऱ्यावर. मग ते ऐकत मी पहिल्यावर आणि तू दुसऱ्यावर. अशी ती कॅसेट झाली. याडी गेल्यावर तू ती तुझ्याकडे नेलीस, मी नाही म्हटलं नाही.

त्या कॅसेटला दुसरी बाजू नव्हती. चारही आवाज एकाच दिशेने, टेपच्या पूर्ण रुंदीवर भरलेले होते. तुमच्या साध्या टेपवर सरळ लावली तर आपण दोघी ऐकू येणार आणि उलटली तर याडी, पण उलट्या दिशेने, शेवटाकडून सुरुवातीकडे. तू उलटलीस. तुला गुरगुर ऐकू आली. तुला वाटलं, ही बाजू खराब आहे, म्हणजे रिकामीच. आणि तिच्यावर तू पूनमचे बोबडे बोल भरलेस. ‘चांदोबा’ आणि ‘आबा दे’ आणि मागे कुकरच्या शिट्ट्या. याडीचा दुसरा कुठलाही आवाज या जगात नव्हता.

तू मुद्दाम केलं नाहीस, हे मला कळतं. कळतं म्हणून राग जात नाही. मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं.

संगीता


वाशीम, २१ मार्च २०२५

लिला,

काम चालू आहे. होळीच्या लेंग्या झाल्या, पाळणा झाला, दळणाची दोन गाणी झाली. सकाळी रस्त्यावर ऑटो सुरू व्हायच्या आत एक ट्रॅक, मग चहा, मग दुसरा. पंखा बंद, खिडकीला गोधडी. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर लोकांचे आवाज जोडून दिले, आता माझा मलाच जोडते आहे.

खरं सांगायचं तर चारही ठिकाणी मीच असले की गाणं तक्रारीसारखं वाटतं. मी विचारते, मीच उत्तर देते, मीच होकार भरते. सिस्टर बेनेडिक्टांना ते जमायचं, कारण त्यांच्या गाण्यात पलीकडे देव असायचा. आपल्या गाण्यांत पलीकडे बाई लागते.

आणि ढावलो होत नाही. शब्द येतात सगळे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुला येत नाहीत, हे मला पूनमने सांगितलं. तिच्यावर ओरडू नकोस. मी सुरू केला, दुसऱ्या कडव्यावर गेले आणि शेजारची अन्वरी भिंतीवरून ओरडली, “बाजी, कोन गुजरलं?” मी म्हटलं, कोणी नाही, गाणं आहे. ती म्हणाली, “असं कसं गानं? माह्या हातचं पीठ खाली सांडलं.” नंतर ती शीरखुर्म्याच्या शेवया घेऊन बघायला आली की मी खरंच बरी आहे ना. तिच्या सुनेने, शाजियाने, हेडफोन लावून ऐकलं आणि लगेच काढून ठेवला.

त्यांचं बरोबर आहे. घरात लग्न नसताना ढावलो म्हणत नाहीत. शहाण्णव साली याडीनेही हेच म्हटलं होतं. आठव. बाकी सगळी गाणी झाली, मी म्हटलं, आता ढावलो. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. “घरात नवरी नाई, वरात नाई. कोनासाठी म्हनू?” मी म्हटलं, कॅसेटसाठी. “कॅसेट कोनाची लेक हाय काय?” बापू बाहेर कंदील पुसत होते. मग तिने माझ्या बांधलेल्या सामानाकडे पाहिलं आणि म्हणाली, “तू चालली न अकोल्याले? घर सोडूनच चालली न? मंग तुयासाठी म्हनतो.”

आणि म्हणाली. माझं नाव घालून म्हणाली. ज्या ठिकाणी नवरीचं नाव येतं तिथे ‘संगी’ म्हणाली.

लिला, तू तिथे होतीस. माझ्यापासून हातभर अंतरावर, पाय पोटाशी घेऊन बसली होतीस. मी लग्न केलं नाही, पण माझा ढावलो झाला. तो कोणी म्हटला आणि कोणासाठी म्हटला हे जगात दोघींनाच माहीत आहे. कॅसेट पुसली गेली ती चुकून. साखरपुड्यात तू जे बोललीस ते चुकून नव्हतं.

संगीता


वाशीम, ३ एप्रिल २०२५

लिला,

या वेळी दोन पानं लिहिलीस. पंधरा वर्षांत तू मला इतकं लिहिलं नव्हतंस. क्रमाने उत्तर देते.

एक. “कॅसेटचे कान काहून नाई मोडले तुनं? मोडले असते त पुसली नसती.” प्लास्टिकचे ते दोन तुकडे मोडले की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, हे खरं आहे. मी एकच मोडला होता. हा मुद्दा वेगळा आहे आणि त्यावर आपण वेगळ्या पत्रात बोलू.

दोन. “तुले बापूनं रेल्वेच्या पासवर अकोल्याले कॉन्व्हेंटात नेऊन घातलं, मले म्हशीमागं. तू मॅडम झाली, मी बाई झाली.” बापूंनी मला विचारून घातलं नव्हतं. मी सात वर्षांची होते, आणि तिथे पहिली दोन वर्षं मी रोज रात्री अंथरूण ओलं केलं. तू म्हशीमागे होतीस तेव्हा याडीमागेही होतीस. गाणी तुझ्या कानावरून रोज जात होती, मला सुटीपुरती मिळायची. म्हणून मी पाठ केली. तुला वाटलं, ती कुठे जातात.

तीन. “मले याडीनं ढावलो शिकवला तवा लगनाची घाई होती. भाकरी थापता थापता शिकवला. तुयासाठी भितीले टेकून बसून म्हटला, वायर लावून. तुले अजून काय पाहिजे?” हे तू याआधी कधीच बोलली नव्हतीस. ती ओळ दोनदा वाचली. पुढे जाते.

चार. “याडीनं तुयं नाव घेतलं असं तूच म्हनतं. मले नाई आठवत. ऐकवून दाखव.”

बरं. ऐकवून दाखवते.

कसं, ते मला आज माहीत नाही. याडीच्या ट्रॅकवर तुझी लेक चांदोबा मागते आहे. पण आयुष्यभर लोकांनी खरखरणाऱ्या ट्रंक लाइनवर मला सांगितलं की मॅडम, पलीकडून काही ऐकू येत नाही. आणि मी कानाला हात लावून ऐकलं आणि त्यांना शब्द सांगितला. तू आव्हान दिलं आहेस हे लक्षात ठेव.

जुनी कॅसेट माझ्याकडेच आहे. पूनमने जानेवारीत आणून दिली होती. तिच्यावर ओरडू नकोस, हे मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

संगीता


वाशीम, १२ एप्रिल २०२५

लिला,

बसून वाच. चहा नंतर ठेव.

काल मी जुनी कॅसेट यंत्रात लावली. तिसरा आणि चौथा ट्रॅक बंद केला, कारण तिथे पूनम उलटी बोलते. माझा पहिलाही बंद केला. फक्त तुझा ठेवला. का, ते सांगते, लपवत नाही. तू कुठे कुठे चुकलीस ते लिहून तुला पाठवायचं होतं. पेन हातात होतं.

ढावलोच्या पहिल्या कडव्यात तू खालच्या पट्टीत सुरू झालीस. लिहिलं. दुसऱ्यात शब्द गाळलास. लिहिलं. मग तू श्वास घ्यायला थांबलीस, आणि त्या श्वासात कोणीतरी गात होतं.

मला वाटलं अन्वरीचा रेडिओ. हेडफोन काढला, घर शांत होतं. परत लावला, मागे नेलं, आवाज पूर्ण वर केला. खूप लांबून, जऊळक्याच्या स्टेशनवरून क्वार्टरपर्यंत हाक यावी तशी, याडी.

कसं झालं ते मला थोड्या वेळाने कळलं. तुला आठवतं, रेकॉर्ड करताना तू हेडफोन नीट लावत नव्हतीस? डावा कान उघडा ठेवायचीस. म्हणायचीस, “दोनी कान बंद केले त मले माहाच आवाज ऐकू येत नाई.” आणि वर हुकूम, “याडीले मोठी कर.” मी याडीचा आवाज शेवटपर्यंत वर केला होता. तो तुझ्या त्या उघड्या कानाजवळच्या हेडफोनमधून बाहेर सांडत होता आणि तुझ्या तोंडासमोरच्या माइकमध्ये जात होता. याच्यावरूनच मी तुझ्यावर ओरडले होते. ते ओरडणंही त्यात आहे: “लिला, दोन्ही कान! एक ट्रॅक वाया घालवते आहेस तू.” माझा आवाज इतका कर्कश आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं होतंस, पण ते मी धरलं नव्हतं.

तू नीट ऐकलं असतंस तर याडीचं काहीही उरलं नसतं.

आता पुढचं. तिसऱ्या कडव्यात, जिथे नवरीचं नाव येतं, तिथे तू गप्प बसलीस. पूर्ण एक ओळ. तेव्हा मला वाटलं, ही शब्द विसरली. पेनानेही मी तेच लिहिलं. पण तुझ्या त्या गप्प ओळीत याडी सगळ्यात स्वच्छ आहे, कारण तिच्यावर तुझा आवाज नाही. ती म्हणते आहे, घराची कवाडं उघडी ठेवते संगी, तू मागे वळून बघू नकोस. मग तुझा श्वास आत गेल्याचा आवाज येतो, आणि नाक ओढल्याचा, आणि तू पुढची ओळ धरतेस.

तू विसरली नव्हतीस. तू ऐकत होतीस. तुला आठवत नाही हे तू मला लिहिलंस, त्याबद्दल मी काही बोलत नाही. कागद फाडून टाकला आहे, चुकांचा.

मी मुनाफकडे गेले आणि विचारलं, यातून खालचा आवाज तेवढा वेगळा काढता येईल का? त्याने दोन्ही कानांनी ऐकलं. कव्हर घ्यायला आलेल्या दोन पोरांना हाताने थांबवलं. म्हणाला, “नाई मॅडम. लोनच्यासारख्या मुरल्या ह्या दोघी. एकीले काढलं त दुसरी बी जाते.”

याडी हवी असेल तर तू हवीसच. मला हे आवडलेलं नाही, पण असं आहे.

संगीता


वाशीम, २२ एप्रिल २०२५

लिला,

काल तुझा नंबर लावून पाहिला, तर रिंग गेली. मी लगेच ठेवला. बोलायचं ते समोर.

मी हळदीच्या आदल्या दिवशी येते आहे. शेलूबाजारच्या फाट्यावर कोणाला पाठवू नकोस, यंत्र मी मांडीवर घेऊन जीपमध्ये बसते, दुसऱ्याच्या हातात देत नाही. मागची खोली रिकामी करून ठेव. कूलर बंद. दिराच्या मुलाला सांग की त्या खोलीच्या आसपास त्याचा फोन दिसला तर तो मी विहिरीत टाकीन. त्याला वाटेल मी गंमत करते आहे, तर तू सांग की करत नाही.

नवी कॅसेट आहे. चौथ्या भोकात मुनाफकडून मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरवरून जुनी कॅसेट सोडायची, तुझाच तो ट्रॅक, म्हणजे याडी पुन्हा तिच्या जागी, दाराकडच्या बाजूला. तिच्याबरोबर तू, अठ्ठावीस वर्षांची, नाक ओढणारी. त्यावर पूनम पहिल्यावर, तू दुसऱ्यावर, मी तिसऱ्यावर. आता घरात लग्न आहे, नवरी आहे. कोणासाठी म्हणायचं हे कोणी विचारणार नाही. झाल्यावर दोन्ही कान मी तुझ्यासमोर मोडणार आहे, कॅसेटचे.

माझी अट एकच आहे आणि ती मी सोडणार नाही. मांडवात पूनम गळ्यात पडायला उभी राहील तेव्हा त्याच बायकांसमोर, ज्या साखरपुड्यात हसल्या, तू मोठ्याने म्हणायचंस, “संगी, तू धर पयले.” जास्त काही नको. माफी नको, ती तुला येत नाही आणि मलाही घेता येत नाही. एवढे शब्द. धनसिंगराव सुपारी थुंकून ऐकतील असं बघ.

तू नाही म्हणालीस तर मी रेकॉर्डिंग करून देईन आणि हळदीच्या संध्याकाळच्या जीपने परत येईन. पूनमला कॅसेट मिळेल. तिला तिच्या मावशीचा ढावलो ऐकून शिकता येईल आणि तुला तो रोज ऐकावा लागेल. विचार करून ठरव.

यंत्राबरोबरचा हेडफोन एकच आहे, तोच जुना. मुनाफने त्याला नवी गादी लावून देतो म्हटलं, मी नको म्हटलं. उजव्या बाजूचा स्पंज नीट आहे, डाव्या बाजूचा सैल झालेला आहे. सैलच राहू दिला.

तुझी पाळी आली की डावा कान उघडा ठेव. मी ओरडणार नाही.

संगी